परत आलेली बॅग

मंडळी, आज मी विक्रीबद्दल फारसं बोलणार नाही. आठवड्यापूर्वी नेलेली बॅग परत घेऊन गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं, तेवढ्या पाच मिनिटांबद्दल बोलायचं आहे. माझ्या मते गिऱ्हाईक कायमचं जोडलं जातं किंवा तुटतं, ते याच पाच मिनिटांत.

त्या माणसाकडे एकदा नीट बघा. गर्दी असेल तर तो कडेला उभा राहतो, बाकीच्यांचं होऊ देतो. काय बोलायचं ते घरूनच मनाशी घोकून आलेला असतो. बिलाची घडी मुठीत घट्ट धरलेली असते, कारण आपल्याला खोटं पाडतील ही धास्ती असते. आणि आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? 'तुम्हीच कुठेतरी ओढली असेल.' झालं, वादाला तोंड फुटलं! त्याऐवजी 'दाखवा बघू' म्हणा. बॅग हातात घ्या, चेन दोनदा मागेपुढे करून पाहा. 'हो, अडकतेय खरी.' एवढं ऐकलं की त्याची मूठ सैल होते. बदलून द्यायची की दुरुस्त करून, ते मग बघू. बिलही मागा, पण नंतर.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये मांडलं होतं, की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात: बोलून दाखवायचं, नाहीतर निघून जायचं. ज्याचा जीव गुंतलेला असतो, तो जाण्याआधी बोलून पाहतो. मला हे पुरेपूर पटतं. तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक अजून आपलंच असतं. जे गुपचूप दुसरीकडे वळलं, त्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

मात्र गोड बोलण्यावर फार काळ निभावत नाही. मॅक्सहॅम आणि नेटेमायर या संशोधकांचा २००२ चा अभ्यास आहे. पहिली चूक मनापासून निस्तरली, तर गिऱ्हाईक आधीपेक्षाही खूश होऊ शकतं. दुसऱ्यांदा चूक झाली की तो लाभ उरत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणून परत आलेला प्रत्येक नग वहीत लिहा. एकाच मालाच्या चेन वारंवार अडकत असतील, तर तो माल मागवणं थांबवा.

काउंटरवरच्या मुलाचं काय? 'मालक आले की या' हे वाक्य त्याला आपणच शिकवलेलं असतं. ठरावीक रकमेपर्यंतचा माल न विचारता बदलून द्यायची मुभा त्याला द्या. एखादा निर्णय चुकला तर गिऱ्हाइकादेखत बोलू नका, दुकान बंद करताना समजावून सांगा.

आणि तो बॅगवाला महिन्याभराने दुसरंच काही घ्यायला आला, तर त्याला आपणहून विचारा, 'चेन नीट चालतेय ना आता?'