दोन पाळ्यांमधले दहा तास

अमेरिकी सिनेमा संपला की लगेच उठू नका. नावांची लांबलचक यादी सरकत जाते आणि तळाशी बऱ्याचदा एक लहानसं बोधचिन्ह दिसतं. ते 'आयाट्सी'चं, म्हणजेच इंटरनॅशनल अलायन्स ऑफ थिएट्रिकल स्टेज एम्प्लॉईजचं. कॅमेरा, लाइट, सेट, मेकअप सांभाळणाऱ्यांची ही युनियन.

१७ जुलै १८९३, न्यूयॉर्क. ११ शहरांतले १७ प्रतिनिधी जमले. सगळे नाटकवाले, रंगमंचामागे राबणारे. नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या. मग एका शहरातला संप दुसऱ्या शहराच्या साथीशिवाय टिकणार कसा? पुढे कॅनडातले कामगार आले आणि १९०२ मध्ये नावात 'इंटरनॅशनल' आलं. सिनेमा रुजला, तसे प्रोजेक्टर चालवणारेही आले.

१९३४ साली जॉर्ज ब्राउन अध्यक्ष झाला, शिकागोच्या गुंडांच्या पाठबळावर. सोबतीला विली बायॉफ. संपाची भीती घालून स्टुडिओंकडून पैसे उकळायचे आणि सभासदांच्या पगारातूनही दोन टक्के कापायचे! १९४१ मध्ये दोघे दोषी ठरले. घामाच्या पैशाचा हा सौदा वाचताना आजही संताप येतो.

पण जिव्हारी लागतो तो ५ ऑक्टोबर १९४५. बर्बँकमधलं वॉर्नर ब्रदर्सचं फाटक. सेट सजवणाऱ्या ७७ जणांची युनियन कोणती, एवढ्या वादातून मार्चमध्ये संप पेटला होता. संप पुकारला होता कॉन्फरन्स ऑफ स्टुडिओ युनियन्स या प्रतिस्पर्धी संघटनेने; आयाट्सी संपाच्या विरोधात होती. त्या पहाटे निदर्शकांनी फाटक अडवलं. उलटलेल्या गाड्या, अश्रुधूर, पाण्याचे जोरदार फवारे, फुटलेली डोकी. संपकरी कामगार, आणि त्यांना ओलांडून आत जाऊ पाहणारेही कामगारच. पुढच्या काही वर्षांत कॉन्फरन्स मोडून पडली.

२०२१. अखंड चालणाऱ्या शूटिंगने माणसं पिचली होती. मतदान झालं, सुमारे ९८ टक्के मतं संपाच्या बाजूने. संप टळला, करार ठरला: दोन पाळ्यांमध्ये किमान १० तास, आठवड्याअखेर ५४ तास विश्रांती. दहा तासांत घर गाठायचं, जेवायचं, झोपायचं आणि पुन्हा सेटवर हजर व्हायचं. हॉलिवूडच्या मुख्य करारावर सभासदांच्या थेट मतांत 'नाही' म्हणणारेच किंचित जास्त निघाले. करार मंजूर झाला तो स्थानिक शाखांच्या प्रतिनिधींच्या मतांवर.