दिबांची गोष्ट पडद्यावर येईल तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

नवी मुंबईच्या विमानतळाला इथल्या प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील, म्हणजे दिबा, यांचं नाव द्या, ही मागणी उठल्यापासून नवी मुंबईच्या नव्या रहिवाशांनाही हे नाव पाठ झालंय. ‘दिबांवर पिक्चर यायला पाहिजे’ असंही लोक म्हणतात. यावाच. पण कसा, ते थोडं बोलू या.

१९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर नवं शहर वसणार होतं. जमिनीच्या भावाचा वाद चिघळत गेला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यात, जासई परिसरात, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. पटकथाकाराचा हात आधी इथंच जाणार. घोषणा, लाठ्या, धूर, पार्श्वसंगीत. प्रेक्षक रडेल आणि घरी जाईल.

माझ्या मते खरी गोष्ट त्यानंतरची आहे. त्या रक्तातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. म्हणजे जमीन गेली, तरी शहरात शेतकऱ्याचा वाटा राहिला. तो वाटा कागदावर उतरवायला सभा, निवेदनं, विधिमंडळातली भाषणं, सातबाऱ्याचे उतारे यांत वर्षं गेली. दिबा पेशानं वकील. समोर खलनायक म्हणून कुणी मिशीवाला अंमलदार नव्हता, इंग्रजांच्या काळातला, १८९४चा भूसंपादन कायदा होता. कायद्याचा चेहरा पडद्यावर दाखवायचा कसा? दिग्दर्शकाचा कस लागेल तो इथं.

आणखी एक अडचण. आयुष्यभर शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, लाल बावटा वाहिलेला हा माणूस उतारवयात शिवसेनेत गेला. निर्माता म्हणेल, हे काढा, प्रतिमा बिघडते. मी म्हणेन, हेच ठेवा. का गेले असतील, यावर आगरी घरांत अजून वाद झडतात. मिळालेले भूखंड बिल्डरला विकले गेले, गावठाणात गरजेपोटी घरं उभी राहिली आणि ती नियमित होण्यासाठी पुन्हा मोर्चे निघाले. नायकाच्या विजयात हे बसत नाही, म्हणून कात्री लावायची का?

ठाण्यात आनंद दिघ्यांवरचा चित्रपट २०२२ साली आला, तेव्हा दिघ्यांना प्रत्यक्ष पाहिलेली कितीतरी माणसं प्रेक्षकांत होती. दिबांचंही तसंच होणार. ते २०१३ साली गेले, त्यांच्या सभेत बसलेले लोक अजून हिंडतेफिरते आहेत. हुतात्म्यांची घरं तिथंच आहेत. त्यांच्या उंबरठ्यावर आधी जा, मग लिहायला बसा. आणि कृपा करून आगरी बोली विनोदापुरती ठेवू नका, त्या लढ्यातल्या बायका त्याच बोलीत भांडल्या.

पहिला खेळ मात्र मल्टिप्लेक्समध्ये नको. जासईत पडदा बांधा. काय चुकलं ते सांगायला तिथली मंडळी मध्यंतरापर्यंतसुद्धा थांबायची नाहीत.