‘लाम’ म्हणणाऱ्या मुलांसाठी

नमस्कार श्रोतेहो. तीन वर्षांचं पोर ‘आजी, लव्याचा लाडू दे’ म्हणतं तेव्हा सगळं घर हसतं, पुन्हा पुन्हा म्हणायला लावतं. तेच पोर पहिलीत गेलं आणि अजून ‘माझं घल तिकडे आहे’ म्हणत असलं, की घरच्यांना घोर लागतो. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. अशा वेळी माझ्याकडे येणारे पालक बहुधा एकच विचारतात: याची जीभ जड आहे का हो?

या मुलांच्या तोंडी ‘र’च्या जागी ‘ल’ येतो, ‘राम’चा ‘लाम’ होतो, आणि उत्तर बऱ्याचदा त्या ‘लाम’मध्येच असतं. आपल्या ‘र’साठी जिभेचं टोक वरच्या दातांमागे, हिरडीच्या उंचवट्याला क्षणभर टेकतं आणि लगेच सुटतं. ‘ल’साठीही टोक जवळपास तिथेच जातं, पण टेकून राहतं आणि हवा जिभेच्या बाजूंनी निघून जाते. म्हणजे ‘ल’ स्वच्छ म्हणणाऱ्या मुलाची जीभ जागेवर पोचते आहे, तिला फक्त झटकन सुटायचं जमत नाही. अशा मुलाच्या जिभेखालचा पडदा कापायची घाई कुणी करू नये. सहाणेवर वेखंड उगाळून जिभेला लावायचं तर मुळीच कारण नाही.

आता वय. चार वर्षांपर्यंत ‘र’चा ‘ल’ किंवा ‘य’ होणं अगदी नेहमीचं आहे. मुलांच्या तोंडी उशिरा बसणाऱ्या आवाजांपैकी हा एक. पाच-सहाच्या सुमारास बहुतेकांचा तो आपोआप येतो. सहा पूर्ण होऊनही आला नाही, तर दाखवावं. पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला कळतच नसेल, तर इतकंही थांबू नका. आणि जीभ तपासण्याआधी कान तपासून घ्या. वारंवार कान फुटणाऱ्या, सर्दीनं कान बंद होणाऱ्या मुलाला दोन आवाजांतला फरकच नीट ऐकू येत नसतो.

म्हणून आम्हीही कानापासूनच सुरुवात करतो. गार आणि गाल, हार आणि हाल, राख आणि लाख. यातल्या ज्यांची चित्रं काढता येतात ती काढा, तुम्ही शब्द म्हणा, मुलानं योग्य चित्रावर हात ठेवायचा. मग तुम्ही मुद्दाम चुका: ‘हा माझा गार’ म्हणत गालावर बोट ठेवा. मोठ्यांची चूक पकडण्यात मुलांना केवढा आनंद होतो! या खेळात त्यानं स्वतः ‘र’ म्हणायचा नसतो, त्यामुळे त्याच्यावर कसलं दडपणही नसतं.

मग जीभ. इथे पालक हमखास ‘म्हण, राम’ म्हणून सुरुवात करतात. माझ्या मते ही सगळ्यात अवघड सुरुवात. शब्दाच्या आरंभी काही आधार नसताना तो झटका मारायचा, हे नवख्या जिभेला जड जातं. त्यापेक्षा मुलाला जे येतं ते वापरा. ‘गाडी’, ‘घोडा’, ‘वाडा’ यातला मधला ‘ड’ कान देऊन ऐका. तिथे जीभ टेकून बसत नाही, फटका मारून सुटते. ‘र’ला हवी तीच हालचाल, फक्त टोक जरा पुढे, दातांच्या बाजूला. मुलाला ‘आडा-आडा-आडा’ भरभर, सैल जिभेनं म्हणू द्या. मग दातांमागच्या त्या उंचवट्यावर श्रीखंडाचा छोटा ठिपका लावा, जिभेच्या टोकानं चाटू द्या, आणि ‘आता आडा इथे म्हण’ असं सांगा. बऱ्याच मुलांचं ‘आडा’ तिथे ‘आरा’कडे झुकतं. मधल्या काळात ‘लाम’चा ‘डाम’ झाला तर आई-वडील घाबरतात. मी मात्र खूश होते, कारण जीभ सुटायला लागलेली असते.

काही मुलांना ‘र’ ‘पत्रा’, ‘मात्रा’ इथून सापडतो. जोडाक्षर अवघड असं आपण धरून चालतो, पण ‘त’मुळे जीभ आधीच पुढे पोचलेली असते. कुठल्या मुलाला कुठली वाट जमेल, ते करून बघूनच कळतं.

‘ब्रर्र’ करत गाडी पळवणारी मुलं बघून पालक म्हणतात, याला तर ‘र’ येतो! जरा निरखून पाहा. बऱ्याचदा थरथरत असतात ते ओठ, जीभ खाली निवांत पडलेली असते. तसंच फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं. करमणूक म्हणून खुशाल करा, त्यानं ‘र’ येत नाही.

एकदा आवाज सापडला की आधी दोन स्वरांमधला ‘र’ घ्या: तारा, दोरी, पुरी, वारा. मग घर, मोर. मग राजा, रवा, रुमाल. ‘सूर्य’ आणि ‘गर्दी’तला रफार मागाहून. आणि हो, ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे सर्वात शेवटी. ते ऐकवून सुरुवात करणारे आजोबा मला पुष्कळ भेटतात. र, ळ, ल यांच्यात झपझप उड्या मारणं मोठ्यांनाही जमत नाही हो, आजोबा.

सराव पाच-पाच मिनिटांचा, दिवसातून तीन-चार वेळा. एरवी टोकू नका. मूल ‘मला लुमाल दे’ म्हणालं, तर ‘रुमाल हवा? हा घे रुमाल’ म्हणून पुढे चला. पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायला लावणं तर बंदच करा.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट. इंग्रजी ‘र’मध्ये जिभेचं टोक कुठे टेकतच नाही, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून मराठी ‘र’ शिकवू नका. अमेरिकेत वाढलेल्या नातीचा ‘र’ वेगळा वाटला तर तो दोष समजू नये. उलट ती ‘वॉटर’, ‘बटर’ म्हणते तेव्हा मधला ट आपल्या ‘र’च्या अगदी शेजारी असतो. तिथून तिला घरचा ‘र’ दाखवता येईल.

मदत कुठे मिळेल? मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला 1965 पासून अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. खासगीत जाणार असाल तर त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. आणि जाताना मूल घरी खेळताना बोलतं त्याचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर घेऊन जा. आमच्या खोलीत आल्यावर घडाघडा बोलणारी मुलंसुद्धा आईच्या पदराआड तोंड लपवून बसतात.