ताटात काय उरलं?

श्रोतेहो, नमस्कार. वृद्धाश्रमात आईला, मावशीला भेटायला गेलो की आपण विचारतो, "जेवलीस का?" उत्तर ठरलेलं, "हो रे, जेवले." ताट मात्र कुणी पाहत नाही.

आहारतज्ज्ञ म्हणून मी एका वृद्धाश्रमात जाते. तिथल्या एका आजींचं ताट पाहिलं. वरणभात संपलेला, पोळीची घडीही मोडलेली नाही, गवारीची भाजी कडेला सारलेली. "भूकच नाही गं," म्हणाल्या. कवळी काढायला लावली, तर हिरडीवर लालभडक चट्टा. सैल कवळी घासत होती. भूक होती, चावता येत नव्हतं.

उतारवयात चव आणि वास मंदावतो, काही औषधांनी अन्नावरची वासना उडते, त्यात पथ्याचं अळणी जेवण. शिवाय तिथलं घड्याळ! स्वयंपाकाच्या मावशींना बस गाठायची, म्हणून संध्याकाळी 6:30 ला जेवणं उरकतात. मग सकाळी 8:30 ला पोहे. मधे 14 तास पोटात काही नाही.

"वय झालं, वाळणारच," हे मला मुळीच मान्य नाही. 3 महिन्यांत काही कारण नसताना 3 किलोंहून जास्त वजन उतरलं, तर ती धोक्याची खूण. आजी-आजोबा काट्यावर उभे राहू शकत नसतील, तर शिंप्याची टेप घ्या आणि पोटरी सर्वांत जाड असेल तिथे मोजा. 31 सेंटीमीटरपेक्षा कमी भरली, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसवं. अंगानं स्थूल माणसाचेही स्नायू आतून झिजत असू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

किलोमागे रोज 1 ग्रॅम तरी प्रथिनं हवीत, म्हणजे 50 किलोच्या आजींना 50 ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. चहा-बिस्किटांत ती मिळत नाहीत. वाढदिवसाला देणगीदार येतात ते जिलबी आणि सफरचंदं घेऊन. सफरचंद चावणार कोण?

आजींची कवळी बसवून घ्यायला दोन आठवडे गेले. तोवर दुधात कुस्करलेली पोळी, मुगाचं घट्ट वरण आणि रात्री 9 ला कपभर दूध दिलं. आता त्या पोळी खातात. गवार अजून कडेलाच असते. ती त्यांना लहानपणापासून आवडत नाही म्हणे. चाळीस माणसांच्या स्वयंपाकात ते विचारायला सुचलं नव्हतं कुणाला, मलासुद्धा.