अंगठी आणि आज्जीचा निवाडा

मंडळी, नमस्कार.

आपल्या वाचनगटानं यंदा अभिजात नाटकं घ्यायची ठरवलं आणि पात्रं कशी वाचावीत यावर मला बोलायला सांगितलं. मी एकाच पात्राबद्दल बोलणार आहे. शकुंतला.

तिचं आणि आमच्या भागाचं नातं जुनं. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली गुर्लहोसूरला जन्मले, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यात. कालिदासाचं 'अभिज्ञानशाकुंतल' हे संस्कृत नाटक त्यांनी मराठीत आणलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्याचे पहिले चार अंक झाले आणि मराठी संगीत नाटकाचे दिवस सुरू झाले. पण मला शकुंतला खरी भेटली ती आज्जीमुळे.

आज्जी खानापूर तालुक्यातली, अक्षरओळख जेमतेम. मी बेळगावात कॉलेजला होते. सुट्टीत गावी गेले की अभ्यासाचं तिला मोठ्यानं सांगायची. ती सोप्यात बसून सुपातले तांदूळ निवडायची, खडा सापडला की अंगणात भिरकवायची. एकदा पाचव्या अंकावर आले. गरोदर शकुंतला दरबारात उभी आहे आणि आश्रमात तिच्याशी लग्न केलेला राजा दुष्यंत म्हणतो, मी हिला ओळखत नाही. आज्जीचे हात थांबले. "वळखत नाही? सोंग करूलालाय त्यो." मी दुर्वास ऋषीचा शाप समजावून सांगितला: ज्याच्या विचारात तू मला विसरलीस तो तुला विसरेल, खुणेचा दागिना दिसेपर्यंत; आणि ती खूण म्हणजे राजानं दिलेली अंगठी. ती म्हणाली, "शाप लिवणाऱ्यानं घातलाय. राजाची लाज राखायला."

मी हसले होते. पुढे महाभारतातलं आदिपर्व वाचलं तेव्हा तेच हसू घशात अडकलं. तिथं शापही नाही, अंगठीही नाही. दुष्यंताला सगळं आठवतंय आणि तरी तो भर सभेत तिला 'दुष्ट तापसी' म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर मग कबूल करतो की मला ठाऊक होतं, लोकांनी शंका घेऊ नये म्हणून असं वागलो. तिथली शकुंतलाही गप्प बसणारी नाही. लग्नाआधीच तिनं अट घातलेली असते, की माझाच मुलगा युवराज होईल. सभेत ती राजाला सुनावते: दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे असूनही दिसत नाहीत.

मूळ कथेत लेखकानं काय बदललं, हे बघितलं की त्याला कशाबद्दल बोलायचंय ते कळू लागतं. राजाची लाज राखली गेली, हे आज्जीचं म्हणणं मला पटतं. पण कालिदास तेवढ्यावर थांबत नाही. खोटेपणाची गोष्ट त्यानं विस्मरणाची केली, आणि त्यामुळे प्रश्न फार अवघड झाला. समोरचा खोटं बोलत नाहीये, त्याला खरोखरच आठवत नाही. अशा माणसाला काय दाखवायचं?

शकुंतला अंगठी दाखवायला जाते, तर बोट रिकामं. मग ती आठवण सांगते. वेलींच्या मांडवात दीर्घापांग नावाचं हरणाचं पाडस तुमच्या हातून पाणी प्यायलं नाही, माझ्या हातून प्यायलं, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात की ज्याचा त्याचा आपल्याच माणसावर विश्वास. इतकी बारीक, दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट! राजा ती बायकांची लबाडी म्हणून उडवून लावतो. आज्जीला घेऊन मी एका कचेरीत गेले होते. तीन कागदांवर तिचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, एक कानडीतून उतरवलेलं. ती सासऱ्यांचं नाव, विहिरीची जागा, बांधावरचा फणस, सगळं सांगत होती. पलीकडून एकच विचारणा, पुरावा काय? तेव्हापासून पाचवा अंक मला नुसता प्रेमाचा वाटत नाही.

आता एक करून बघा. प्रत्येक अंकाशी वहीत लिहा: कुणाला काय माहीत आहे? शाप शकुंतलेनं ऐकलेलाच नाही. तिच्या मैत्रिणी अनसूया आणि प्रियंवदा ऐकतात आणि तिच्यापासून लपवतात. नवमालिकेच्या नाजूक वेलीला कढत पाणी कोण घालील, असं प्रियंवदा म्हणते. निरोपाच्या वेळी एवढंच सांगतात, की राजानं ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव. ते ऐकून ती थरथरते, पण का सांगताय हे तिला कळत नाही. मैत्रिणींची माया आणि त्यांची चूक एकाच वाक्यात आहे.

भाषांकडेही लक्ष द्या. राजा संस्कृत बोलतो, शकुंतला प्राकृत. घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलत वाढलेल्या आम्हाला हे शिकवावं लागलं नाही.

ही वही घेऊन सातव्या अंकाशी या. अंगठी माशाच्या पोटात सापडली, राजाला सगळं आठवलं, तो तिच्या पाया पडला. शापाचं तिला अजूनही ठाऊक नाही, ते नंतर मारीच ऋषी सांगणार आहेत. म्हणजे तो निर्दोष आहे हे कळायच्या आधीच ती त्याला उठवते, माझंच पूर्वीचं काही कर्म आड आलं असेल म्हणते. क्षमा तिनं आधी केली, कारण मागाहून कळलं. मग राजा अंगठी तिच्या बोटात घालायला जातो. ती म्हणते, हिच्यावर माझा विश्वास नाही, ती तुमच्याच बोटात राहू दे.