हलले का नाहीत?

(आयर्विन पूल, सकाळ. खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे. पाणी बरंच खाली.)

पावसाळ्यात सांगलीत कुणी "किती झालं?" असं विचारलं, तर तो हळदीचा दर विचारत नसतो. आयर्विनला पाणी किती फूट झालं, एवढंच त्याला हवं असतं. १९२९ सालचा, कृष्णेवरचा हा पूल. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. इथल्या शाळकरी पोरांनाही हे पाठ असतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा इथं ५७ फुटांच्या वर गेली.

मी विश्रामबागला होतो, म्हणजे उंचावर, कोरडा. मावशी कर्नाळ रोडला. दोन दिवस फोनवर एकच सांगत होतो, "मावशे, नीघ आता." ती काही हलली नाही. तिसऱ्या दिवशी बोटीनं काढावं लागलं. ती बोटीतून उतरत होती आणि मी शेजारी उभ्या असलेल्या बायकोला म्हणालो, "हट्टीच आहे. पहिल्यापासून."

(पूर ओसरल्यानंतरच्या भिंती. चिखलाची आडवी रेघ.)

त्या वर्षी चहाच्या गाड्यावर एकच विषय होता : पूर कशानं आला? कोयना धरणातून सोडलेलं पाणी, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं मागं चढलेली फूग, चार-पाच दिवस न थांबलेला पाऊस, पूररेषेच्या आत उठलेली बांधकामं. प्रत्येकाकडं वेगळं कारण, आणि वाद घालायला रात्र कमी पडायची. पाण्यासाठी आम्ही दहा कारणं शोधली. घर न सोडणाऱ्या माणसांसाठी मात्र एक शब्द पुरला. हट्टी. फार तर अडाणी.

माणसाच्या वागण्याला आपण कारण कसं चिकटवतो, याला मानसशास्त्रात गुणारोपण म्हणतात. फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये त्याची मांडणी केली. कारण माणसाच्या आत शोधायचं, म्हणजे स्वभाव, नियत, अक्कल. किंवा बाहेर शोधायचं, म्हणजे परिस्थिती. हायडर यांचं म्हणणं असं की वागणूक डोळ्यांत इतकी भरते की तिच्याभोवतीचं बाकीचं झाकलं जातं. बोटीत बसलेली मावशी मला दिसत होती. तिच्या घराची मागची बाजू दिसत नव्हती.

१९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस या दोघांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला दिले. काही निबंध बाजूनं, काही विरोधात. लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल ते ओळखायचं. गंमत पुढं आहे. काही वाचकांना आधीच सांगितलं होतं की बाजू लेखकानं निवडलेली नाही, त्याला नेमून दिली होती. तरीही बाजूनं लिहिणारा त्यांना थोडाफार कॅस्ट्रोवादीच वाटला. आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धा आठवा. "हुंडा योग्यच आहे" ही बाजू चिठ्ठीत निघालेल्या पोराकडं नंतर आठवडाभर वर्ग कसा बघतो!

परिस्थिती माहीत असूनही दोष स्वभावाला देण्याच्या या खोडीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव दिलं : मूलभूत आरोपणदोष.

(जुनी छायाचित्रं, पाण्यातलं न्यू ऑर्लिन्स.)

आमच्या कृष्णेसारखंच एक प्रकरण अमेरिकेत घडलं होतं. २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं, आणि हजारो लोक घर सोडून गेले नव्हते. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून बघणाऱ्यांना, त्यात मदतीला गेलेलेही आले, निघून गेलेले लोक कष्टाळू आणि स्वावलंबी वाटले. राहिलेले बेफिकीर वाटले. खुद्द राहिलेल्यांना विचारलं, तेव्हा ते शेजाऱ्यांना धरून राहण्याबद्दल, देवावरच्या श्रद्धेबद्दल, खंबीर राहण्याबद्दल बोलले. आणि एक साधी गोष्ट होतीच. निघून जायला गाडी लागते, पैसे लागतात, दुसऱ्या गावात कुणीतरी दार उघडणारं लागतं.

कुणी म्हणेल, हा गोऱ्यांचा दोष. त्यात थोडं तथ्य आहे. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं म्हैसूर इथल्या लोकांची तुलना केली. मोठ्या वयाची अमेरिकन माणसं स्वभावाकडं बोट दाखवत, म्हैसूरची माणसं नात्यांकडं आणि प्रसंगाकडं जास्त. आठ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र हा फरक फारसा नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे बघायची ही रीत आपण शिकत जातो. मी म्हैसूरपासून काही फार लांब वाढलो नाही, तरी माझ्या तोंडून पहिला शब्द कुठला निघाला ते वर सांगितलंच.

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." ही म्हण मला उगाच सोपी वाटायची. स्वतःच्या वागण्याला परिस्थिती आणि दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव, हा फरक सगळीकडं असतो असं मानसशास्त्रज्ञही बरीच वर्षं धरून चालले होते. मग २००६ मध्ये बर्ट्राम माले यांनी १७३ अभ्यास एकत्र तपासले. सरसकट बघितलं तर फरक जवळजवळ नाहीच. तो उरतो तो काही वाईट घडल्यावर. म्हणीतही कार्टं आहे ते खोड्या काढल्यावरच!

(कर्नाळ रोड. रिकामा गोठा. दावणीची खुंटी.)

मावशीला मी विचारलं ते पुढच्या दिवाळीत. तोवर माझ्या लेखी ती हट्टीच होती.

"२००५ ला तिसऱ्या पायरीला टेकलं आणि माघारी गेलं," ती म्हणाली. "तेवढंच येईल असं वाटलं. आणि दोन म्हशी. एक गाभण. तुझ्या विश्रामबागच्या फ्लॅटात तिसऱ्या मजल्यावर नेऊ व्हय त्यांना?"

जनावरांची सोय झाल्याचा निरोप तिला मिळाला, तोवर रस्ता पाण्याखाली होता.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. या वेळी आयर्विनला ४० व्हायच्या आतच मावशी पिशवी घेऊन आमच्या दारात हजर.

मी म्हणालो, "चला, सुधारली म्हणायची."

चपला काढता काढता ती म्हणाली, "सुधारायचं काय त्यात? म्हशी विकल्या की रं गेल्या वर्षी."