स्क्रू थांबवा, नट फिरवा

मंडळी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कापायच्या टेबलासाठी मी एक मशीन केलं होतं. अडीच मीटरची चाल, पंचवीस मिलिमीटर जाडीचा बॉलस्क्रू, म्हणजे ज्यावर नट आतल्या गोळ्यांवरून सरकतो तो स्क्रू. लीड दहा, म्हणजे एका फेऱ्यात नट दहा मिलिमीटर सरकतो. नेहमीप्रमाणे मोटर स्क्रूच्या टोकाला. पाचशेच्या वर फेरे नेले की मधोमध स्क्रू असा उडायला लागायचा, जसं दोघांनी धरून दोरी फिरवावी.

हिशेब सरळ आहे. एक टोक घट्ट, दुसऱ्याला नुसता आधार, आट्यांच्या मुळाचा व्यास 22 आणि मोकळी लांबी 2500 मिलिमीटर धरली, तर सुरक्षित मर्यादा मिनिटाला 530 फेऱ्यांच्या आसपास येते. म्हणजे मिनिटाला जेमतेम सव्वापाच मीटर वेग. जाडी वाढवून बघा, मर्यादा त्याच प्रमाणात वाढते; पण लांबी दुप्पट झाली की ती चौथाईवर येते. म्हणून अशा लांब मशीनवर स्क्रू दोन्ही टोकांना पक्का आवळायचा, थोडा ताणायचा, आणि बेल्टनं नट फिरवायचा. मोटर गॅन्ट्रीबरोबर, म्हणजे टेबलावरून सरकणाऱ्या आडव्या चौकटीबरोबर, प्रवास करते.

आता खरी गोम. बॉलनटला भार सोसायचा तो फक्त अक्षाच्या दिशेनं. बाजूनं ओढ लागली की त्याचं आयुष्य घटतं. आणि बेल्ट तर कायम बाजूलाच ओढतो! म्हणून पुली नटाच्या फ्लँजवर, म्हणजे त्याच्या रुंद कडेवर, बोल्ट मारून मोकळं व्हायचं नाही. आमच्या नटाचं अंग 40 मिलिमीटर. त्याला बाहेरून 50 ची स्लीव्ह, म्हणजे नळी, केली, फ्लँज तिला बोल्टनं धरला, पुली स्लीव्हवर, बेअरिंगला अगदी खेटून. बेल्टचा ताण नटाला कळताच कामा नये.

स्लीव्हवर 7010 ची जोडी, पाठीला पाठ लावून. 7010 म्हणजे अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग, आतून 50 आणि बाहेरून 80 मिलिमीटर. अशा जोडीत भाराच्या रेषा बाहेरच्या बाजूला फाकतात. पाय फाकवून उभ्या पैलवानाला ढकलून बघा, तसंच. आतली रिंग घट्ट बसवायची, कारण बेल्टची ओढ एकाच दिशेनं आणि फिरते ती आतली रिंग. बाहेरची हातानं सरकली तरी चालते.

माझी चूक हाउसिंगमध्ये झाली. बेअरिंग बसायला दोन बाजूंनी दोन खाचा घ्यायच्या म्हणून जॉब उलटा करून पुन्हा धरला. मोजायची डायल लावली तेव्हा एक खाच दुसरीपासून सहा शतांश मिलिमीटर सरकलेली. जोडल्यावर नट हातानं फिरवला, तर अर्धा फेरा हलका, अर्धा जड. मी म्हटलं, चालवून चालवून बसेल. बसलं नाही, नुसतं तापलं. आता मी 80 चं एकच सरळ भोक करतो, जॉब न काढता. एका टोकाला खांदा, दुसऱ्या टोकाला कव्हर. बेअरिंगांमधले आतले-बाहेरचे स्पेसर सरफेस ग्राइंडरवर एकत्रच घासायचे, म्हणजे लांबी तंतोतंत एक. प्रीलोड, म्हणजे ढिलाई घालवणारा आधीचा दाब, हवा तर आतला किंचित कमी करायचा. कव्हर बोल्ट कसण्याआधी हाउसिंगपासून दोन-तीन शतांश वर राहायला हवं. फटीत फीलर, म्हणजे पातळ मापपट्टी, जात नसेल तर कव्हर बाहेरची रिंग दाबतच नाही, नुसतं हाउसिंगवर टेकलंय.

कुणीतरी मघाशी विचारलं, साधी डीप ग्रूव्ह बेअरिंग का नकोत? कारण त्यांच्यात अक्षाच्या दिशेनं ढिलाई असते, आणि नट दिशा बदलताना तीच ढिलाई तुमच्या कापणीत उतरते.

स्क्रूची टोकं शेवटी आवळा. नट एका टोकाला नेऊन तिथला ब्लॉक कसा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिकडचा. आधीच दोन्ही कसले की स्क्रू नटाला वाकवतो.

आणि आपल्या सोलापुरातली एक गोष्ट कॅटलॉगात नसते: टॉवेलचे तंतू. ग्रीसला चिकटून त्यांचा नमदा होतो. नटाच्या दोन्ही तोंडांना वायपर हवेतच. हाउसिंगला एक खिडकीही ठेवा, कारण ग्रीसचा निपल आता नटाबरोबर फिरतो. माझ्या पहिल्या मशीनला ती नव्हती. ग्रीस द्यायचं म्हणजे बेल्ट काढा, पुली काढा. मग ऑपरेटरनं ग्रीस देणंच सोडून दिलं.